एवढं झालं की झालं

अप्पांना कॉफीनं पित्त होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर त्यांच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर अर्धा ओटा अडवून बसलेलं ते सत्तर किलोचं इटालियन धूड बघून तुमची समजूत होईल, की हा गृहस्थ कॉफीचा मोठा दर्दी असणार. अप्पा चहा पितात. सकाळी साडेसहाला, दहाला आणि चारला. आलं ठेचून, साखर सढळ, आणि कुणी बघत नसेल तर बशीत ओतून. मशीन तापेपर्यंत वेळ जायला हवा म्हणून जो चहा होतो, तो वेगळा.

लोणावळ्यातल्या तुंगार्लीत आमच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर. पण अप्पा एकटे नाहीत. तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, असा एक इसम सापडतोच. कुणाकडे लॅम्ब्रेटा असते, कुणाकडे मर्फीचा रेडिओ, कुणी अंगणात विटांवर जीप चढवून ठेवलेली असते आणि तिच्या बॉनेटखाली मांजर वेत असते. सगळ्यांचं वाक्य मात्र एकच: "मूळ वस्तू उत्तम आहे हो, माणसांनी वाट लावली." मला वाटतं, यात हवामानाचा हात मोठा आहे. घाटमाथ्यावर वर्षाला चारेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत उरकून घेतो. त्या दिवसांत लोणावळ्याच्या कायमच्या रहिवाशाला उद्योग दोनच. भुशी डॅमकडे निघालेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या कशा अडकल्यात ते बघत बसायचं, नाहीतर घरातली एखादी वस्तू उघडायची. अप्पा गाड्या बघत नाहीत.

चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला त्यांची हयात गेली. सकाळची लोकल, खिडकीची ठरलेली जागा, मळवली-कामशेत-कान्हे करत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. "मेंटेनन्सचा माणूस रिटायर होत नाही," ते म्हणतात, "त्याला फक्त मशीन मिळेनासं होतं." निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात घरातले पंखे, मिक्सर, शिवणयंत्र आणि भिंतीवरचं घड्याळ उघडून झालं. दुसऱ्या पावसाळ्यात शेजाऱ्यांचं. तिसरा पावसाळा तोंडावर आला आणि उघडण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांच्या पत्नीला, माईंना, काळजी वाटायला लागली होती, की आता हे भिंतीतली वायरिंग काढणार.

तेवढ्यात तळेगावला एका भंगारवाल्याकडे त्यांना ते दिसलं. हायवेवरचं कुठलंसं कॉफीचं दुकान बंद पडलं होतं, त्याच्या खुर्च्या, काचेची कपाटं आणि हे यंत्र ताडपत्रीखाली पडलं होतं. भंगारवाल्यानं नखानं कोपरा खरवडून दाखवला. "आत तांबं आहे काका, पितळ आहे. नाही कुणी घेतलं तर मोडून विकू, तरी सुटतंय." अप्पांच्या कानांनी त्यातला 'मोडून' एवढाच शब्द ऐकला. बाकी सौदा काय झाला ते कुणालाच ठाऊक नाही. माईंना सांगितलेली किंमत एक, पुण्याच्या मुलाला सांगितलेली दुसरी आणि आम्हाला सांगितलेली तिसरी. तिन्हींत साम्य एवढंच, की तिन्ही कमी वाटतात.

छोट्या हत्तीतून मशीन गल्लीत उतरलं तेव्हा पाऊस होताच. चौघांनी धरून ते पायऱ्या चढवलं. समोरच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "अप्पा, लग्न कुणाचं काढलंत?"

त्यात आजींचं काही चुकलं नाही. आपल्याकडे मांडवाच्या कोपऱ्यात, आइस्क्रीमच्या शेजारी असं एक चकचकीत यंत्र फुसफुसत असतं. कपात इन्स्टंट पावडर, साखर आणि दूध आधीच असतं, यंत्र फक्त वाफ सोडतं. वर चॉकलेटची पूड भुरभुरली की आपण त्याला एक्स्प्रेसो म्हणतो आणि दुसऱ्यांदा रांगेत उभे राहतो. अप्पांना हा विषय काढलेला खपत नाही. ते तुमचं कोपर धरून तुम्हाला भिंतीकडे घेतात आणि सुरुवात १९०१ पासून करतात. मिलानचा लुइजी बेझेरा, त्याचं पेटंट, तेव्हा पाणी ढकलायचं काम वाफच करायची म्हणून दाब जेमतेम दीड बार आणि कॉफी करपलेली. मग तिथलाच आकिले गाज्जिया, त्यानं वाफेला बाजूला सारलं आणि तरफेनं दाब वाढवला, तेव्हा कुठे वर तो सोनेरी फेस आला. "म्हणजे कळलं का, खऱ्या मशीनमध्ये वाफ कॉफीला शिवतसुद्धा नाही! आणि लग्नात नुसती वाफच!" इथे ते कोपर सोडतात. लग्नात अप्पा दोनदा रांगेत उभे राहतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण ते लग्न.

मशीन व्हरांड्यात उघडलं गेलं आणि चालू होईपर्यंत तिथेच राहिलं. माणूस ओळखायचा असेल तर त्याचे स्क्रू ठेवायचे डबे बघावेत. अप्पांचे डबे म्हणजे चिक्कीच्या रिकाम्या बरण्या. लोणावळ्यात त्यांचा तुटवडा नसतो, पाहुणे येतात ते आपल्याच गावची चिक्की आपल्यालाच घेऊन येतात. प्रत्येक बरणीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'ग्रुप डावा, वरचे चार', 'सोलेनॉइड, हात लावू नये', 'कशाचे ते आठवत नाही'. या शेवटच्या बरणीतला एक छोटा पितळी नट ते अजून शर्टाच्या खिशात बाळगतात. गप्पा मारता मारता मध्येच तो काढून बोटांत फिरवतात, त्याच्याकडे बघतात आणि पुन्हा ठेवून देतात.

बॉयलरमध्ये क्षाराचा थर असा बसला होता, की हीटरच्या तीन दांड्या दिसतच नव्हत्या. ते दुकान वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यावर चाललेलं, फिल्टर बदलायची आठवण कुणालाच झालेली नव्हती. अप्पांनी लिंबूफूल आणलं, किलोनं. लिंबूफूल चिमटीनं वापरतात, फार तर पुडीनं विकत आणतात. वाणी म्हणाला, "अप्पा, सरबताची गाडी टाकताय का?" ते गरम पाण्यात घालून बॉयलर भरला, तो रात्रभर बुडबुडत राहिला. सकाळी आत तांबं चमकलं. आणि दुपारी बॉयलर सांध्यातून गळायला लागला. इतके दिवस क्षारानंच ती फट बुजवून धरली होती.

दुसरा कुणी असता तर इथे भंगारवाल्याला फोन केला असता. अप्पांचा चेहरा उजळला. काम वाढलं होतं!

जुन्या साडीत गुंडाळलेला बॉयलर मांडीवर घेऊन ते लोकलनं पुण्याला गेले. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "बंब केवढ्याला घेतलात?" अप्पांनी मान खिडकीकडे वळवली. पण कसब्यातल्या तांबट आळीतसुद्धा कारागिरानं तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि पहिला प्रश्न हाच विचारला, की याचा जाळ घालायचा भाग कुठाय? मग अप्पांनाही मान्य करावं लागलं, की तत्त्वतः हा बंबच आहे, फक्त दाबाखालचा. लहानपणी दर रविवारी चिंचेनं बंब घासायचं काम त्यांच्याकडे होतं, तेव्हा नात्याची ओळख पटायला वेळ लागला नाही. "झाळ चांदीची हवी. शिशाचा कण चालणार नाही, यातलं पाणी पोटात जातं," अप्पांनी बजावलं. कारागिरानं त्यांच्याकडे बघितलं. "काका, चार पिढ्या तांबंच ठोकतोय. तुम्ही जरा त्या बाजूला उभं राहा." अप्पांना एखाद्यानं बाजूला उभं राहायला सांगितलं आणि ते राहिले, असा हा एकमेव प्रसंग. घरी येऊन ते त्या माणसाबद्दल जेवढं बोलले तेवढं इटलीबद्दलही बोलले नाहीत.

आता या कथेत चीफसाहेबांना आणल्याशिवाय गत्यंतर नाही. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी असल्यामुळे जहाजांची इंजिनं कोळून प्यायलेली मंडळी निवृत्त होऊन इथेच स्थायिक झालेली असतात, त्यांतले एक आमच्या गल्लीत राहतात. सकाळी फिरायला निघाले की अप्पांच्या फाटकाशी थांबतात. झाळलेला बॉयलर बघून ते एवढंच म्हणाले, "बॉयलर अॅक्ट. १९२३."

अप्पा तयारीत होते. "पंचवीस लिटरच्या आतल्याला लागू नाही. हा अकराचा आहे."

"कायदा लागू नसेल. वाफ आहे ना लागू?"

मग प्लंबर लोक नळाची लाइन तपासायला वापरतात तो हातपंप आणला गेला. बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरला, हवा काढली आणि दाब तीन बारपर्यंत चढवला. कामाचा दाब एक-सव्वा बारच असतो, पण चीफसाहेबांचा हिशेब समुद्राचा. दोघं खुर्च्या टाकून काट्याकडे बघत बसले. माई दोनदा बाहेर येऊन डोकावून गेल्या, कारण हे दोघं एकत्र असून इतका वेळ आवाज नाही असं पूर्वी घडलेलं नव्हतं. काटा हलला नाही. चीफसाहेब उठले, "ठीक आहे" म्हणाले आणि फिरायला गेले. त्या दोन शब्दांवर अप्पांनी आठवडा काढला.

मशीन इटालियन असल्याचा अप्पांना अभिमान आहे, पण त्याहून जास्त अभिमान त्याचे आटे आपल्या नळाला लागतात याचा आहे. इटलीचं पाइपकाम आणि आपलं पाइपकाम, दोन्हीकडे आटे ब्रिटिश मापाचे. त्यामुळे अर्धा इंची निपल असो की तीन अष्टमांशाचं सॉकेट, बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, टेफ्लॉनची टेप गुंडाळली की बसतं. हे ते आल्यागेल्याला करून दाखवतात. "बघा, कसं फिरलं! जणू इथंच बनलंय." गॅस्केटनं मात्र दगा दिला. पुण्यातल्या एका ऑइल सीलवाल्याकडून त्यांनी तंतोतंत मापाचं काळं रबरी कडं कापून आणलं. माप बरोबर होतं. कॉफीला ट्रॅक्टरच्या ट्यूबची चव येत होती. शेवटी जर्मनीतल्या मुलीला यादी गेली. दुसऱ्यांच्या मुली परदेशातून चॉकलेटं आणतात. अप्पांची मुलगी बॅगेत गॅस्केटं, जाळ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन येते, आणि विमानतळावर एक्स-रेच्या पट्ट्यापाशी दर वेळी बॅग उघडून व्हॉल्व्हचं प्रयोजन समजावून सांगते. बापाला आता वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्न तिच्यापुरता सुटलेला आहे.

या मशीनच्या तोंडाशी, जिथे दांड्याची चाळणी अडकवतात, तो चारेक किलोचा पितळी गोळा म्हणजे ग्रुप. त्याची रचना १९६१ सालची. मिलानच्या फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो व्हालेन्तेनं हाताच्या तरफेऐवजी विजेचा पंप लावला आणि बॉयलरचं गरम पाणी ग्रुपमधून सतत फिरत राहील अशी नळ्यांची सोय केली. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, म्हणून मशीनचं नाव ई-६१, म्हणजे ग्रहण एकसष्ट. अजूनही तसेच ग्रुप बनतात. अप्पांचा जन्म त्याच वर्षीचा, पानशेतचं धरण फुटलं त्या पावसाळ्यातला. या योगायोगाचं त्यांना इतकं अप्रूप, की नव्या माणसाला ते आधी ग्रुपचं वय सांगतात, मग स्वतःचं. माईंनी ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ग्रहण होय! तरीच सुटत नाहीये."

मशीन चालू झालं. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. दुकानाच्या तीन फेजच्या हीटरच्या दोनच दांड्या जोडून ते घरच्या पॉवर प्लगवर आणलं, गीझर आणि मशीन एकदम लावायचं नाही असा ठराव झाला, जो पुण्याचा मुलगा दिवाळीत आला की मोडतो आणि घर अंधारात जातं. कॉफी पडली. मुलगा प्यायला आणि म्हणाला, उत्तम आहे. पण अशा माणसांच्या आयुष्यात चालू झालेलं यंत्र हा एक कठीण काळ असतो. दोन दिवस अप्पा घरात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तापमान हलतंय."

तिथून 'एवढं झालं की झालं' हे पर्व सुरू झालं. मूळचा दाबाचा स्विच बॉयलरला मागेपुढे होऊ देतो, म्हणून तापकीर गल्लीतून डिजिटल कंट्रोलर आणि रिले आला. त्याचा लाल आकडा १२१ वर स्थिर झाला. एवढं झालं की झालं. पण बॉयलरचं तापमान म्हणजे कॉफीच्या पाण्याचं नव्हे, म्हणून ग्रुपवरचा एक बोल्ट काढून तिथे थर्मामीटर बसवला, तो ९३ च्या आसपास ठेवायचा. एवढं झालं की झालं. मग पंप वाजतो म्हणून त्याच्याखाली रबर. मग लाकडी मुठी सागवानाच्या, तळेगावच्या सुताराकडून. मग कपाखाली ठेवायला सोनाराचा काटा, कारण अठरा ग्रॅम पूड आणि छत्तीस ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंदांत. "मुंबईत पाणी शंभरला उकळतं, आपल्याकडे अठ्ठ्याण्णवला," असं ते मध्येच सांगतात, आणि मुंबईकर पाहुण्याला आपण काहीतरी उंच ठिकाणी आलोत असं वाटतं.

मधल्या काळात पाण्याचाही प्रयोग झाला. क्षाराचा धसका घेऊन अप्पांनी आरओचं अगदी शुद्ध पाणी सोडलं. बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी एक सळई असते, ती पाण्यातल्या क्षारांतून वीज वाहते यावर चालते. पाणी इतकं शुद्ध, की सळईला ते जाणवेचना. मशीन समजलं बॉयलर रिकामा आहे आणि भरत सुटलं. वाफेच्या नळीतून वाफेऐवजी गरम पाण्याची धार लागली, ती नेमकी माईंच्या पिठाच्या परातीत. "शुद्धपणा पण किती असावा!" असं माई त्या दिवशी म्हणाल्या, आणि त्या पाण्याबद्दलच बोलत होत्या असं मला वाटत नाही. आता अप्पा आरओच्या पाण्यात नळाचं पाणी मापून मिसळतात. त्यांच्या खिशात पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर असतं. हॉटेलात वेटरनं ग्लास ठेवला की ते आधी बुडवतात, आकडा बघतात आणि मग वेटरकडे बघतात.

ग्राइंडरबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण अप्पा फार बोलतात. मशीनपेक्षा ग्राइंडर महत्त्वाचा, असा त्यांचा सध्याचा सिद्धांत आहे, म्हणजे पुढच्या खर्चाची दिशा कळली. खरा शत्रू आहे आमचा जुलै. ढग खिडकीतून घरात येतात, पापड मऊ पडतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कॉफीची पूडही ओल धरते, मग कालचं दळण आज चालत नाही, पाणी चाळणीत तुंबतं. अप्पा सकाळी आधी ढग बघतात आणि मग ग्राइंडरचं चक्र एक दाता इकडे की तिकडे ते ठरवतात. बिया चिकमगळूरहून येतात आणि तांदळाच्या डब्यात राहतात. एकदा मॉन्सून्ड मलबार आणली होती. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवलेल्या बिया, युरोपात नावाजलेल्या. माईंनी पिशवी हुंगली आणि म्हणाल्या, "हा वास आपल्या माळ्यावर फुकट येतो."

कॉफी पाजण्याचा विधी असा. पाहुण्याला खुर्चीत न बसवता मशीनसमोर उभं करायचं. आधी एक कप पाणी सोडून द्यायचं. मग दळण, काटा, दट्ट्या, आणि दट्ट्या मारताना श्वास रोखायचा, तुम्हीसुद्धा. दांडा अडकवला की स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानाला. ही सवय कारखान्यातली, बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात. मग धार. सुरुवातीला काळी, मग तपकिरी, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक. ती पस्तीसेक मिलिलिटर कॉफी पांढऱ्या छोट्या कपात तुमच्या हातात येते आणि अप्पा तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. स्वतः एक थेंब जिभेवर घेऊन, पित्ताच्या भीतीनं, बेसिनमध्ये थुंकतात. साखर मागायची नाही. समोरच्या आजींनी पहिल्या वेळी कप बघून विचारलं होतं, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" आता आजी शिकल्यात. "मला बाई वर फेस असलेली दे," म्हणतात, आणि अप्पा तोंड फिरवून, दुधाला वाफ लावून, वर चक्क चॉकलेटची पूड टाकून देतात. ही पुडी कुठल्या बरणीत असते ते मी सांगणार नाही. बरणीवर चिठ्ठी 'सोडा, चाखू नये' अशी आहे.

माई वैतागतात, पण त्यांच्या वैतागावर सर्वस्वी विश्वास ठेवू नका. मशीनच्या माथ्यावर कप गरम राहावेत म्हणून जाळी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कपांच्या शेजारी ओले मोजे असतात आणि मागे, जरा कमी ऊब असते त्या कोपऱ्यात, दह्याचं भांडं. आमच्याकडे पावसाळ्यात विरजण लागत नाही, त्यांच्याकडे लागतं. परवा अप्पा मशीनपुढे आणि माई आत देवघरात होत्या. पंप सुरू झाला आणि आतून आवाज आला, "अहो, आज वेगळा वाजतोय." अप्पांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. खरंच वाजत होता. त्यानंतर बराच वेळ ते माईंकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर यापूर्वी फक्त काट्याच्या वाट्याला आली होती.

गल्लीतलं कुणाचं काहीही बिघडलं तरी ते अप्पांकडे जातं. गणपतीच्या मंडळाचा अॅम्प्लिफायर, वाड्यातली पाण्याची मोटर, माझ्या घरचा प्रेशर कुकरही. पैसे घेत नाहीत, बदललेला जुना पार्ट मात्र ठेवून घेतात. रात्री दिवे गेले की सगळे महावितरणला फोन लावत बसतात, अप्पा बॅटरी घेऊन एकेका घराचं मीटर बघून येतात आणि कुणाचा फक्त फ्यूज उडालाय ते सांगतात. अशा माणसाच्या ओट्यावर एक इटालियन बंब आहे, तो कधीच पुरता दुरुस्त होणार नाही आणि तो तसा व्हावा असं आमच्यापैकी कुणालाच, माईंनाही, वाटत नाही. सध्या दाब हळूहळू चढवणारी काहीतरी सोय करायचं त्यांच्या मनात आहे. बॉयलर परत व्हरांड्यात आलाय, चीफसाहेबांना वर्दी गेलीय.

लोणावळ्याला आलात तर जरूर या, अप्पांना माणसं हवीच असतात. फक्त निघण्यापूर्वी फोन करा, कारण ग्रुप तापायला पाऊण तास लागतो. शनिवार-रविवार टाळा, घाटात अडकाल. रिकाम्या पोटी येऊ नका. आणि तुमच्या घरात एखादा छोटा पितळी नट कशाचा ते न कळता पडून असेल, तर तो घेऊन या. अप्पांना जोडी जमवायची आहे.